चेहरा झाकलेला बाप : नेपल्सच्या संग्रहालयातील एक भित्तिचित्र

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील भित्तिचित्रांच्या दालनांसाठी मी अर्धा दिवस राखून ठेवला होता. त्यातला बराचसा वेळ एकाच चित्रासमोर गेला. इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेईत, ‘शोकान्त कवीचे घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या अंगणातील भिंतीवर ते होते. विषय आहे इफिजेनियाचा बळी.

ग्रीक पुराणकथेनुसार, ट्रॉय नगरीवर स्वारीसाठी निघालेले ग्रीक आरमार ऑलिसच्या बंदरात अडकून पडले, तेव्हा आर्टेमिस देवीचा कोप शमवण्यासाठी सेनापती अ‍ॅगामेम्नॉनने पोटची लेक बळी द्यावी, असे भविष्यवेत्त्या कॅल्कसने सांगितले. चित्रात दोघा पुरुषांनी उचलून धरलेली इफिजेनिया हात पसरून आकांत करते आहे आणि वर आकाशात तिच्या जागी बळी जाणारे हरीण आलेलेही आहे. म्हणजे सुटका चित्रातच आहे. पण डाव्या बाजूला डोक्यावरून वस्त्र ओढून, तोंड फिरवून उभ्या असलेल्या बापाला ती दिसत नाही. मी सर्वाधिक वेळ थांबलो तो इथे.

टिमांथीस या ग्रीक चित्रकाराने याच प्रसंगात इतरांचे दुःख चेहऱ्यांवर दाखवून बापाचा चेहरा मात्र झाकला होता, असे प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. ते मूळ चित्र आज उरलेले नाही. पाँपेईच्या चित्रकाराचा हात तेवढा सफाईदार नसावा, कारण इफिजेनियाला उचलणाऱ्यांच्या शरीरांत अवघडलेपणा जाणवतो. तरीही झाकलेल्या चेहऱ्याची कल्पना त्याने ज्या संयमाने हाताळली आहे, त्यापुढे हा दोष मला क्षुल्लक वाटला.

याच घरातले, ग्रीक योद्धा अकिलीसकडून त्याची युद्धबंदी ब्रिसेइस हिला नेले जात असतानाचे चित्रही या संग्रहालयात आहे. तिला नेण्याचा हुकूम अ‍ॅगामेम्नॉनचाच असल्यामुळे दोन्ही चित्रे लागोपाठ पाहावीत, असे आवर्जून सुचवतो.

संग्रहालय मंगळवारी बंद असते. शक्य असल्यास आधी ही चित्रे पाहून मग पाँपेईला जावे. त्या घराच्या दारातले साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे प्रसिद्ध मोझेक ओलांडून आत अंगणापर्यंत गेल्यावर, घरातली माणसे या बापाच्या पाठीकडे पाहत रोज वावरत होती, हे प्रकर्षाने जाणवते.