पेनल्टी खाली आली पण फोन उचलत नाहीत, ४ स्टार

मालावर कस्टम्सची पेनल्टी लागली तेव्हा मी गपचूप भरूनच टाकणार होतो, डेमरेज (माल बंदरात अडकून पडल्याचं भाडं) रोज चढतंय आणि क्लिअरिंग एजंट म्हणतोय भरा साहेब, कशाला वाद घालता. मग ओळखीतल्या एकाने या कस्टम्स सल्लागाराचा नंबर दिला. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे.

मॅटर असा की आम्ही माल एलईडी बल्ब म्हणून ८५३९ या कस्टम्स कोडमध्ये (ड्युटी किती ते यावरून ठरतं) दाखवला आणि तपासणीत कस्टम्सवाले म्हणाले हे बल्ब नाहीतच, अख्खे वॉल लाइट आहेत, ९४०५ लावा. फरकाची ड्युटी वेगळी, चुकीचं डिक्लेरेशन म्हणून पेनल्टी वेगळी. सल्लागाराने आधी सॅम्पल मागवलं, खोक्यातून काढून उलटं केलं आणि विचारलं, "होल्डरमध्ये बसणारी कॅप दाखवा बरं." कॅप कुठली, दोन वायरी आणि स्क्रूची भोकं! कोडवर भांडू नका, हराल, असं तोंडावर सांगून टाकलं. फी घेणारा माणूस हे सांगतो म्हणजे कमालच.

फरकाची ड्युटी लगेच भरायला लावली आणि मग नुसत्या पेनल्टीवर अपील. त्याचा मुद्दा एकच, चूक झाली पण लबाडी नव्हती, आणि हे नुसतं बोलून नाही तर कागदावर दिसलं पाहिजे. इनव्हॉइसवर वॉल लाइट असंच छापलेलं होतं, कॅटलॉग पहिल्या दिवसापासून जोडलेला, म्हणजे लपवलं काय? वर त्याने डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) ट्रेड फॅसिलिटेशन करार, म्हणजे आयात-निर्यात सोपी करायचा करार, काढला, २०१७ पासून लागू आहे, त्याच्या ६व्या कलमात आहे की चूक जेवढी तेवढीच पेनल्टी पाहिजे आणि कुठला नियम मोडला ते लेखी द्यायला पाहिजे. आमच्या पेनल्टीच्या ऑर्डरमध्ये आकडा ठळक आणि कारणाची जेमतेम एक ओळ. त्यावरच धरलं. पूर्ण माफ नाही झाली पण बरीच खाली आली. आणि हो, कस्टम्सने पकडायच्या आधी आपणच चूक कळवली असती तर तेही आपल्या बाजूने धरावं असं त्याच कलमात आहे म्हणे, आम्हाला कुठलं माहीत.

आता तक्रार. अपीलची मुदत ऑर्डर हातात पडल्यापासून मोजतात हे त्याने मला कधी सांगावं, शेवटच्या आठवड्यात! पोचपावती शोधता शोधता अर्धं ऑफिस उलटं केलं, अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. सुनावणीची तारीख सुद्धा मीच फोन करकरून विचारायची, तीनदा लावला की एकदा उचलणार.

पुढच्या मालासाठी कोड आधीच ठरवून घ्यायला अ‍ॅडव्हान्स रूलिंगचा अर्ज करा म्हणालाय. तेही काम त्यालाच देतोय, फक्त या वेळी तारखा मीच लिहून ठेवल्यात.