हॉकी गेममध्ये रेटिंग वाढली की पगाराची मागणी कशी भडकते : बरेच महिने फ्रँचायझी मोड खेळल्यावरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात पीएस फाइव्हसाठी एनएचएलच्या (अमेरिका-कॅनडातली मोठी व्यावसायिक लीग) टीम असलेला गेम घेतला, आइस हॉकीचा बरं का, आपली मैदानावरची हॉकी नाही. अख्ख्या नाशिकमध्ये हा गेम खेळणारा मला एकच भेटलाय, इंदिरानगरचा मित्र, आणि मराठीत यावर काही वाचायला मिळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मॅच खेळायला भारीच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. माझे सगळे तास गेलेत फ्रँचायझी मोडमध्ये, म्हणजे जनरल मॅनेजर होऊन टीम चालवण्यात आणि तिथं सगळं येऊन अडतं ते कॉन्ट्रॅक्टवर.

आधी खरा हिशोब बघा. एनएचएलमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमच्या सगळ्या पगारांवरची मर्यादा, 2005 ला आली, त्याआधी मालक आणि खेळाडूंच्या भांडणात 2004-05 चा आख्खा सीझन रद्द झाला होता. 2024-25 ला कॅप 8 कोटी 80 लाख डॉलर होती, 2025-26 ला 9 कोटी 55 लाख झाली, आणि एका खेळाडूला कॅपच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असू दे, एकाला वाढवून दिलं की दुसऱ्याचं कुठूनतरी कापावंच लागतं.

आता गेममध्ये मागणी ठरते कशावर, तर मला दिसलं ते असं की सगळ्यात जास्त वजन ओव्हरऑल रेटिंगला (खेळाडू एकूण किती चांगला त्याचा आकडा), मग वय आणि पोटेन्शियल (पुढं किती सुधारू शकतो ते). आणि ती सारखी वाढत नाही. 76 चा 78 झाला तर किरकोळ फरक, पण 83 च्या पुढं गेला की एकेका पॉइंटला मागणी उड्या मारते. माझ्याकडं 23 वर्षांचा एक सेंटर (मधला आक्रमक खेळाडू) होता, रेटिंग 82, कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष. सीझन सुरू व्हायच्या आधीच निगोशिएशनची स्क्रीन उघडली तर मागणी वर्षाला 45 लाख डॉलरच्या आसपास, मी थोडे वाढवून देऊन 8 वर्षांचं करून टाकलं. मित्रानं त्याच्या स्वतःच्या गेममध्ये त्याच खेळाडूला सीझन संपून उन्हाळा येईपर्यंत लटकवत ठेवलं, तोवर तो 85 झाला आणि आकडा 70 लाखांच्या पुढं गेला!! गोल-असिस्ट दोघांकडं जवळपास सारखेच होते. माझा पण पुढं 86 ला गेला पण पगार जुनाच, आणि जे पैसे वाचले त्यात मला बचावाच्या दुसऱ्या जोडीसाठी चांगला डिफेन्समन मिळाला. म्हणून वाढत्या वयाचा, पोटेन्शियल चांगलं असलेला पोरगा असेल तर रेटिंग अपडेट व्हायच्या आधी सही घ्या, वाट बघत बसू नका.

उलट्या बाजूनं पण तेच चालतं. तिशी ओलांडलेल्याला लांब कॉन्ट्रॅक्ट दिलं की पुढं रेटिंग घसरते पण कॅपवरचा भार तसाच राहतो, आणि असा खेळाडू ट्रेडमध्ये (टीममधल्या अदलाबदलीत) कोणी घेत नाही. 34-35 वाल्यांना एक-एक वर्षाचंच द्यावं, रेटिंग पडलेली असते म्हणून ते स्वस्तात येतात आणि चौथ्या लाइनला, म्हणजे सगळ्यात कमी खेळणाऱ्या आक्रमक तिकडीत, चालून जातात.

मला खटकतं ते हे की गेम आकड्यापलीकडं फार बघत नाही. आपल्या लासलगावला कांद्याचा भाव नुसता माल बघून निघत नाही, त्या दिवशी आवक किती आहे ते पण बघतात. खऱ्या एनएचएलमध्येही तसंच असतं, त्या उन्हाळ्यात बाजारात सेंटर किती आहेत, खेळाडू कुठल्या टप्प्यावर आहे, त्याला नक्की काय हवंय. 2025 ला मिनेसोटा टीमच्या किरिल काप्रिझोवनं 8 वर्षांसाठी वर्षाला 1 कोटी 70 लाखांचं कॉन्ट्रॅक्ट केलं आणि त्यानंतर आठवड्याभरात एडमंटन टीमच्या कॉनर मॅकडेव्हिडनं फक्त 2 वर्षांसाठी, वर्षाला सव्वा कोटीवर सही केली, म्हणजे आधीचाच पगार! मॅकडेव्हिड आजचा सगळ्यात भारी खेळाडू मानला जातो पण त्यानं कमी घेतलं कारण वाचलेल्या पैशात टीम मजबूत व्हावी आणि स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळावा. रेटिंगवर चालणारा हिशोब असा निर्णय कधीच घेणार नाही, तो मॅकडेव्हिडला काप्रिझोवच्या वरच ठेवेल. खेळाडूला टीम आवडते का, जिंकायची संधी आहे का, याला मागणीत जास्त वजन द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नवीन खेळणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. 18 ते 21 मध्ये पहिली सही करणाऱ्याला एंट्री लेव्हल कॉन्ट्रॅक्ट मिळतं, 3 वर्षांचं आणि स्वस्त. त्यानंतरही तो लगेच मोकळा होत नाही, वय 27 किंवा लीगमध्ये 7 सीझन झाल्याशिवाय हक्क टीमकडंच राहतात. या मधल्या काळातच त्याला लांब बांधून घ्यायचं.

कॅप बंद करायचा ऑप्शन सेटिंगमध्ये आहे, पण तो वापरू नका, मग नुसतं स्टार गोळा करणं उरतं आणि महिन्याभरात कंटाळा येतो. गोलकीपरचं मात्र वेगळं बघा, तिथं एक-दोन पॉइंटचा फरक अख्ख्या सीझनला जाणवतो, त्यामुळं मी बाकी सगळीकडं काटकसर करतो पण पहिल्या गोलकीपरला तो मागेल तेवढे देतो.