नुसते कण मोजायचे की ओळखूनही? एमएस्सी प्रकल्पाच्या दोन वाटा

सिमरोलच्या आयआयटीत अ‍ॅलिस प्रयोगाचा (सर्नच्या एलएचसी या कणत्वरकावरचा) गट आहे, त्यामुळे इंदुरात बसून शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरींवर काम करता येतं. ठरवायचं एवढंच, की टकरीतून निघालेले भारित कण सरसकट मोजायचे, की त्यातल्या पायॉन, केऑन, प्रोटॉन या जाती वेगळ्या काढायच्या.

सरसकट मोजणीला २०१८ पर्यंतच्या डेटातले, तेव्हाच्या शोधकाचे सिलिकॉन पिक्सेलचे दोन थर पुरतात, त्रिज्या ३.९ आणि ७.६ सेंमी. दोन्ही थरांतल्या खुणा टक्करबिंदूशी एका रेषेत जुळल्या की एक ट्रॅकलेट, म्हणजे मार्गाचा छोटा तुकडा. अगदी मंद कणही हाती लागतात. मात्र गर्दीत भलत्याच खुणांच्या जोड्या लागतात. एका थरातल्या खुणा १८० अंशांनी फिरवून पुन्हा जोड्या लावा. जे जुळेल ती निव्वळ भेसळ, ती वजा करा. २.७६ टीईव्ही (लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेला सर्वांत मध्यवर्ती, म्हणजे समोरासमोरच्या, ५ टक्के टकरींत स्यूडोरॅपिडिटीच्या (कणाच्या किरणाशी असलेल्या कोनाच्या मापाच्या) दर एककामागे १,५८४ कण आले. त्यात सांख्यिकी त्रुटी ४, पद्धतीची ७६. म्हणजे डेटा वाढवून काही हाती लागत नाही, सगळी मेहनत दुरुस्त्यांत.

ओळख पटवायची तर टीपीसी या वायूने भरलेल्या शोधकातला ऊर्जाऱ्हास आणि ३.७ मीटरवरच्या टीओएफ या उड्डाणवेळ मोजणाऱ्या शोधकाची वेळ, दोन्ही लागतात. मार्ग सरळ धरला, तर १ जीईव्ही (शंभर कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) संवेगाला केऑन पायॉनच्या १.३ नॅनोसेकंद मागे राहतो, २.५ ला जेमतेम ०.२२. घड्याळाची अचूकता ८० पिकोसेकंद धरली, तर तिथे दोघांत तीन सिग्मांचं, म्हणजे घड्याळाच्या त्रुटीच्या तिपटीचं, अंतरही उरत नाही. शिवाय केऑन वाटेतच मोडतो: १ जीईव्हीचे सुमारे ३९ टक्के टीओएफपर्यंत पोचतच नाहीत. प्रोटॉनमध्ये लॅम्डा या जड कणाच्या क्षयातले मिसळतात आणि कमी संवेगाला किरणनळीच्या धातूतून उडालेलेही. म्हणून आधी अँटिप्रोटॉन काढून पाहावेत, ते त्या मानाने स्वच्छ.

हाताशी एकच सेमिस्टर असेल तर बिनदिक्कत ट्रॅकलेट घ्या. वर्षभर मिळत असेल आणि प्रत्येक फिट तपासणारं कुणी असेल, तरच दुसरी वाट, तीही २.५ जीईव्हीच्या आत.

सेंट्रॅलिटीचे (टक्कर किती समोरासमोरची, त्याचे) गट दोन्हीकडे त्याच डेटातल्या व्ही-झीरो या शोधकावरूनच पाडायचे. ९० टक्क्यांपलीकडच्या निसटत्या टकरी सोडून द्या, तिथे विद्युतचुंबकीय प्रक्रियांची भेसळ असते.