ई-रीडर घ्यावा की छापील पुस्तकंच बरी? मराठी वाचकाचा हिशेब

‘ई-रीडर घेऊ का?’ असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, पुढच्या सहा महिन्यांत काय काय वाचायचं मनात आहे? उत्तरात इंग्रजी कादंबऱ्या, चरित्रं, इतिहास, विज्ञान असं आलं तर फार घोळ घालण्यात अर्थ नाही. घेऊन टाका, पैसे वसूल होतील. मराठी पुस्तकं जास्त असतील तर मात्र जरा बसून बोलावं लागतं. या विषयावर वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतल्या नाहीतर इंग्लंडमधल्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेलं असतं. त्याला हवं ते पुस्तक बहुधा दोन्ही रूपांत मिळतं, मग उरते ती आवडनिवड. आपल्याला मुळात पुस्तक मिळतं का, इथूनच सुरुवात करावी लागते.

पडद्याबद्दल थोडक्यात

ई-रीडर म्हणजे मुख्यतः पुस्तकं वाचण्यासाठीचं यंत्र, छोटा टॅब नव्हे. त्याच्या ई-इंक पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि वीज काढली तरी तिथेच राहतात. म्हणून वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना आणि दिव्यासाठी, आणि एकदा चार्ज केलेलं यंत्र कित्येक दिवस, कमी वाचणाऱ्याला तर कित्येक आठवडे पुरतं. फोनचा उजेड थेट डोळ्यांवर येतो. इथे कडेचे बारीक दिवे पानावर उजेड टाकतात. भर उन्हात फोन काळा पडतो, हा पडदा उलट जास्त स्वच्छ दिसतो. चांगल्या यंत्रांत इंचाला ३०० ठिपके असतात, त्यामुळे अक्षर छापल्यासारखं वाटतं. ज्यांनी केवळ फोनवर वाचून ‘आपल्याला डिजिटल जमत नाही’ असं ठरवलंय, त्यांनी कोणाचा तरी ई-रीडर अर्धा तास हातात घेऊन बघावा.

पडदा मंद आहे, हा त्याचा दोष. पन्नास पानं मागे जाऊन ‘ते कुठे बरं लिहिलं होतं’ हे शोधायला बोटांत पानं धरून चाळण्याइतकी सोय त्यात नाही. रंगीत ई-इंक आता आली आहे, पण रंगात तिची स्पष्टता इंचाला १५० ठिपक्यांवर येते आणि रंग फिकेच दिसतात. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, पाककृती, चित्रकलेवरचे ग्रंथ यांचा विचार इथेच सोडून द्यावा.

मराठी पुस्तकांचं काय

अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकांची सोय डिसेंबर २०१६ मध्ये आली. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमही त्याच खेपेला आल्या. गाजलेल्या कादंबऱ्या, अनुवाद, चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं तिथे बऱ्यापैकी सापडतात. समीक्षा, लहान प्रकाशकांचे कवितासंग्रह, संशोधनाचे ग्रंथ, तालुक्याच्या गावी छापलेली स्थानिक इतिहासाची पुस्तकं शोधायला जा, बहुतेक वेळा हात हलवत परत याल. यातल्या काहींची छापील प्रत मिळवायलाच प्रकाशकाला तीनदा फोन करावा लागतो, ई-आवृत्ती कुठून येणार?

यामागे आळस आहे, पण नुसता आळस नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधीची मराठी पुस्तकं पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवलेली आहेत. त्या फायलीतलं अक्षर संगणकाच्या लेखी देवनागरी नसतंच. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. ई-पुस्तक करायचं तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं. हजार प्रतींची आवृत्ती खपायला काही वर्षं घेणारा प्रकाशक हा खर्च कशाला करेल? आणि केला तरी मुद्रितशोधनावर काटकसर होते. मग रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, जोडाक्षरं सुटी होतात, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. छापील प्रतीत निर्दोष असलेल्या एका पुस्तकाची ई-आवृत्ती मी घेतली, तर तळटीपा थेट परिच्छेदाच्या मध्येच आलेल्या. शिवाय यंत्रांतले देवनागरी फॉन्ट बरेचदा हिंदी वळणाचे, त्यामुळे मराठी पद्धतीचा श आणि ल दिसत नाही. काहींना त्याचं काहीच वाटत नाही, काहींचं तेवढ्यानेच वाचन अडखळतं. मी दुसऱ्या गटातली.

दुसरी गोची दुकानांची. बुकगंगावर मराठी ई-पुस्तकं भरपूर आहेत, पण ती त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाचायची. किंडलच्या यंत्रात ती उघडत नाहीत. म्हणजे तुम्हाला हवी असलेली पुस्तकं तिथे असतील तर किंडल घेऊन उपयोग शून्य. अँड्रॉइडवर चालणारे ‘बुक्स’ (Boox) कंपनीसारखे ई-रीडर मिळतात, त्यांवर वेगवेगळी अ‍ॅप्स टाकता येतात. पण किंमत चढी, चार्जिंग लवकर संपतं, आणि फोनसाठी बनवलेलं अ‍ॅप ई-इंकवर रखडत चालू शकतं. घेण्याआधी आपलं नेमकं अ‍ॅप त्यावर चालवून पाहता आलं तरच घ्या.

आता फुकटच्या खजिन्याबद्दल, कारण ई-रीडरची शिफारस करणारे हा मुद्दा हमखास काढतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. हरी नारायण आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ चे, म्हणजे त्यांचं तर कधीच झालं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले कितीतरी ग्रंथ संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं विनामूल्य देतं. खजिना खराच आहे. अडचण अशी की त्यातला मोठा भाग पीडीएफच्या रूपात, आणि जुन्या ग्रंथांच्या बाबतीत नुसत्या स्कॅनच्या रूपात आहे. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातलं अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर जाते. डेमी आकाराचं पान सहा-सात इंचांच्या पडद्यावर आक्रसलं की काना-मात्रा मुंग्यांसारख्या दिसतात, आणि मोठं करून वाचायचं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. दोन प्रकरणांत माणूस कंटाळतो. अशा वाचनाला दहा इंचांचा साधा टॅब बरा. मराठी विकिस्रोतावर टंकलेली पुस्तकं मात्र ईपब रूपात (यात अक्षर वाढवलं तरी ओळी पडद्यातच बसतात) उतरवता येतात आणि २०२२ पासून ईपब फाइल किंडलला पाठवताही येते. ही वाट चांगली आहे, फक्त तिथली ग्रंथसंख्या अजून मर्यादित.

परदेशातल्या मराठी माणसाला मात्र यातलं बरंच गणित उलटं पडतं. न्यू जर्सीला किंवा सिडनीला एक पुस्तक मागवायचं तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला मागे टाकतो. तिथे अर्धी यादी ई-रूपात मिळाली तरी फायदाच.

पैशांचं गणित

किंडल पेपरव्हाइटची नवी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये भारतात आली ती १६,९९९ रुपयांना. वर कव्हर घ्यावंच लागतं. समजा, प्रत्येक ई-पुस्तकामागे छापील प्रतीच्या तुलनेत शंभर रुपये वाचले, तर यंत्राचे पैसे निघायला १७० पुस्तकं वाचावी लागतील. महिन्याला दोन वाचणाऱ्याला त्याला सात वर्षं लागतात आणि तोवर बॅटरीने मान टाकायला सुरुवात केलेली असेल. करातही सवलत नाही: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. पूर्वी तो १८ टक्के होता, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांसाठी २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला. बचत हे कारण देऊन यंत्र घेणाऱ्यांचं म्हणून मला पटत नाही. इंग्रजी पुस्तकं सवलतीत घेणाऱ्यांचं गणित थोडं लवकर जमतं, एवढंच.

आणि स्वस्तच हवं असेल तर गावातलं ग्रंथालय आहे. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ पासून, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. अशा ठिकाणची वर्गणी बहुधा ऑनलाइन योजनांपेक्षा कमी आणि नव्वदच्या दशकात छापून संपलेली पुस्तकंही तिथे कपाटात सापडतात. दिवाळी अंकांची योजना तर विचारूच नका: एकदा पैसे भरा आणि मार्चपर्यंत अंक बदलत बसा. दिवाळी अंकांचा मोठा आकार, व्यंगचित्रं, दोन स्तंभांची मांडणी हे सगळं ई-रीडरवर नीट बसतही नाही. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयातून किंडलवर ई-पुस्तक उसनं मिळतं, आपल्याकडे ती सोय नाही. हा फरक तिकडची शिफारस वाचताना लक्षात ठेवावा.

पुस्तक कोणाचं

छापील पुस्तक भावजयीला देता येतं, विकता येतं, नातवासाठी ठेवता येतं. ई-पुस्तकात तुम्ही वाचण्याचा परवाना घेता, तोही एका खात्यापुरता. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादापायी ऑर्वेलच्या ‘१९८४’ ची एक आवृत्ती विकत घेतलेल्या वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. नेमकं तेच पुस्तक निघावं, याला योगायोगच म्हणायचं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा लोकांची घेतलेली पुस्तकं गेली, पैसे तेवढे परत आले. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली. एकदा वाचून विसरायच्या रहस्यकथेला याने काही फरक पडत नाही. पुन्हा पुन्हा उघडायच्या, समासात टिपणं करायच्या पुस्तकाला पडतो.

कागदही अमर नाही, हे खरंच. कोकणातल्या घरात दोन पावसाळे काढलेलं कपाट उघडलं की कसरीने खाल्लेली पानं आणि बुरशीचा वास समोर येतो. हल्ली कित्येक पुस्तकं शिलाई न करता नुसत्या डिंकावर बांधतात. तिसऱ्या वाचनाला पानं हातात येतात. मुंबईत जागेचा प्रश्न तर चौरस फुटाच्या भावाने मोजावा लागतो. दोन खोल्यांत चार माणसं आणि सहाशे पुस्तकं असतील तर नव्या कादंबऱ्या यंत्रात जाणं घराच्या शांततेसाठीही बरं.

डोळे, मनगट आणि आठवण

ई-रीडरची माझ्या मते सगळ्यांत मोठी बाजू, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही: वय. साठीनंतर बारीक टाइप नको होतो आणि मोठ्या टाइपातलं मराठी पुस्तक, पोथ्या सोडल्या, तर सहसा मिळत नाही. ई-रीडरवर अक्षर हवं तेवढं मोठं करा. सव्वादोनशे ग्रॅमच्या आत वजन, सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी झोपून वाचताना मनगट दुखत नाही. आईवडिलांसाठी घेणार असाल तर बाकीचे आक्षेप मी निम्म्यावर आणेन. फक्त पुस्तकं विकत घेऊन आत घालण्याचं काम तुम्हालाच करावं लागेल, हे धरून चाला.

पडद्यावर वाचलेलं लक्षात राहत नाही, ही तक्रार अर्धी खरी आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५४ अभ्यासांचे आणि एक लाख ७१ हजारांवर वाचकांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. माहितीपर मजकुरात कागद पुढे निघाला, विशेषतः वेळेचं बंधन असताना. नुसत्या कथात्म मजकुरात फरक आढळला नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून कागदच धरावा. कादंबरीवाल्याने चिंता करू नये.

कवितेचं मात्र वेगळं. अक्षर मोठं केलं की ओळ मध्येच मोडते आणि ओवीचा चौथा चरण कुठे सुरू झाला ते कळत नाही. अभंगगाथा, ज्ञानेश्वरी, आधुनिक कविता हे सगळं मी छापीलच घेते, ई-रूपात फुकट मिळालं तरी.

घेण्याचं मनात असेलच तर आधी एक पैसाही खर्च करू नका. वर्षभरात वाचायच्या वीस पुस्तकांची नावं कागदावर लिहा. किंडलचं अ‍ॅप फोनवर फुकट मिळतं. त्यात एकेक नाव शोधा, सापडेल त्याचा मोफत नमुना उतरवा आणि पहिली दहा पानं वाचा. जोडाक्षरं नीट आहेत का, तळटीपा जागेवर आहेत का, परिच्छेद फुटलेत का, तेवढं बघा. दहा-बारा पुस्तकं सापडली आणि त्यांची पानं स्वच्छ निघाली तर यंत्र मागवा. तीन-चारच सापडली तर त्याच सतरा हजारांत पावणेतीनशे रुपयांची साठ पुस्तकं येतात, आणि पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात थोडी घासाघीस जमली तर पासष्टही.