सरकत्या गेटची मोटर : नागपूरचे तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या नरेंद्रनगरच्या घराच्या सरकत्या गेटला मोटर बसवून वर्ष होत आलं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही निघाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. निवड करताना मी ढीगभर रिव्ह्यू वाचले होते, पण त्यातले बहुतेक बसवल्याच्या आठवड्यातच लिहिलेले. त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. नवी असताना मोटर कोणाचीही चालते.

प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लेआउटमधला, ३० बाय ५०. समोरच्या ३० फुटांत १२ फुटांचं गाडीचं गेट, त्याच्या सरकण्याला तेवढीच भिंत आणि कडेला माणसांसाठी ३ फुटांचं छोटं गेट. गॅरेज म्हणायचं ते पोर्चच. मला मिहानमधल्या ऑफिसातून यायला रात्र होते. हॉर्न वाजला की ७८ वर्षांचे सासरे गुडघे धरून उठायचे, आणि ‘बाबा, तुम्ही बसा’ म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. मोटर घेण्याचं कारण एवढंच.

इंटरनेटवर या विषयावर शोधलं की सगळं अमेरिकेतल्या गॅरेजबद्दल सापडतं : छताला टांगलेली मोटर, चेन की बेल्ट, वर सरकणारं दार. आपल्याकडे तसलं दार फार थोड्या घरांना असतं. तरी त्यातून एक गोष्ट कामाची मिळाली. तिथे ते जड दार मोटर उचलतच नाही, वजन पेलतात स्प्रिंगा. मोटर सोडवून दार अर्ध्यावर धरलं आणि हात काढला, तर ते तिथेच राहिलं पाहिजे. खाली आलं तर आधी स्प्रिंगा नीट करा, मोटर बदलून काही होणार नाही. आपल्या सरकत्या गेटलाही हा नियम तंतोतंत लागू आहे, फक्त स्प्रिंगांच्या जागी चाकं आणि रूळ घ्यायचे.

पोर्चला मोटरचं शटर लावण्याचा पर्याय एकाने सुचवला होता. मे महिन्यात बंद शटरमागे पोर्चची भट्टी होईल आणि घर दुकानासारखं दिसेल, म्हणून तो सोडला. दोन पाखांचं आत उघडणारं गेट आणि त्याला दांड्याने पाखं ओढणाऱ्या मोटरी, यालाही जागा नव्हती. गाडी उभी असली की पाखं उघडायला मागे काही उरतच नाही.

मोटरवाल्यांच्या आधी मी वेल्डिंगवाल्याला बोलावलं, आणि या सगळ्या प्रकरणातला खरा तज्ज्ञ तोच निघाला. गेट ढकलून पाहिलं, खाली वाकून चाकांकडे बघितलं आणि म्हणाला, “ताई, पयले गेट एका हातानं चाललं पाह्यजे. मोटरचं मंग पाहू.” चाकांचे बेअरिंग संपले होते. रुळाचा उलटा अँगल मधे दबलेला होता, त्यामुळे गेट तिथे येऊन अडायचं. त्याने खालची व्ही खाचेची चाकं बदलली, रूळ उखडून लेव्हलमध्ये पुन्हा बसवला, गेटला वरून सरळ धरणारे गाइड रोलर नवे लावले आणि दोन्ही टोकांना जाड स्टॉपर जोडले. सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवून मी गेट ओढून पाहिलं. आधी काटा २५ किलोच्या वर जायचा, काम झाल्यावर सात-आठवर गेट चालू लागलं. ज्याला मोटर घ्यायची आहे त्याने हा काटा आधी लावून बघावा.

ते स्टॉपर मोटरसाठी नाहीत, माणसांसाठी आहेत. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला सरकतं गेट रुळावरून सुटून अंगावर पडलं आणि खेळणारी लहान मुलगी गेली. त्याची चित्रफीत तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली होती. गेट हातानं ढकलायचं असो की मोटरचं, शेवटचा स्टॉपर आणि वरचे गाइड नसतील तर ते कधीतरी पडणारच.

मग वजन. दुकानदार सरसकट हजार किलोच्या गेटची मोटर गळ्यात मारतात. गेटचं वजन घरीच काढता येतं. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो. आमचं गेट १२ बाय ५ फूट, म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर, पत्रा २ मिलिमीटरचा. नुसता पत्रा ८७ किलो झाला. चौकटीचे पाइप आणि नक्षी धरून फार तर दोनशे. ६०० किलोची मोटर त्याला भरपूर होते. ती घेतली.

एसी (घरच्या विजेवर थेट चालणारी) की डीसी, यावर मात्र मी बराच वेळ घालवला. २४ व्होल्टची डीसी मोटर हळू सुरू होते, हळू थांबते, काही आडवं आलं की चटकन ओळखते आणि डब्यातच बॅटरी असल्यामुळे लाइट गेली तरी चालते. कागदावर तीच सरस. पण तो डबा गेटपाशी उघड्या उन्हात असतो. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास अर्धं होतं. नवतप्यात, हवेचाच पारा ४५ ला टेकलेला असताना, त्या बंद डब्यात काय होत असेल! पुण्यात राहत असते तर डीसी घेतली असती. इथे एसी घेतली आणि घरातल्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर जोडली. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ही जोडू नका, मोटर गुरगुरते आणि तापते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इटलीच्या फाक, कॅमे, नाइस, बीएफटी या नावाजलेल्या, पण माझ्या बजेटबाहेर गेल्या. मी घेतली ती मधल्या किमतीची. तोच साचा, तेच झाकण दोन वेगळ्या स्टिकरांखाली मला दोन दुकानांत दिसलं, त्यामुळे नाव सांगून तुमचं काही भलं होणार नाही. मोटर, रॅक (गेटला लावायची दातेरी पट्टी), फोटोसेल, दोन रिमोट आणि बसवणं मिळून ३५ हजारांच्या आसपास गेले. वेल्डिंगवाल्याचे आणि सिमेंटकामाचे ११ हजार वेगळे.

उन्हाळ्यात पहिली तक्रार आली ती अजब होती. संध्याकाळी गेट उघडायचं, पण बंद व्हायचं नाही. सकाळी सगळं ठीक. कंपनीचा माणूस दोनदा भर दुपारी येऊन ‘काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणून गेला. आमचं घर उत्तरमुखी, म्हणजे गेटची रेघ पूर्व-पश्चिम. दोन खांबांवर समोरासमोर फोटोसेल असतात : एक इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा पकडतो. पकडणारा पूर्वेच्या खांबावर पश्चिमेकडे तोंड करून बसवला होता, आणि मावळतीचं ऊन थेट त्याच्या डोळ्यात. त्याला किरण दिसेना, की मधे कोणी उभं आहे असं समजून तो गेट बंदच होऊ देईना. इलेक्ट्रिशियनने दोघांच्या जागांची अदलाबदल केली आणि तक्रार संपली. तुमचं घर उत्तर किंवा दक्षिणमुखी असेल तर बसवतानाच हे सांगा. पूर्व-पश्चिममुखी घरांना हा त्रास नाही.

‘उन्हानं लोखंड फुगतं म्हणून गेट अडकतं’ हे मला चार लोकांनी सांगितलं. १२ फुटांचं लोखंड ४० अंशांच्या फरकाने जेमतेम पावणेदोन मिलिमीटर वाढतं. तेवढ्याने काही अडत नाही. अडतं ते कमी व्होल्टेजने. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी चालू झाले की मोटर कण्हत कण्हत सरकायची. एकदा नुसतीच गुणगुणली, हलली नाही. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, मोटर काढून पाठवा, दहा-पंधरा दिवस लागतील. इलेक्ट्रिशियनने झाकण उघडून कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग) बदलला, त्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे त्याच मापाचा, आणि अर्ध्या तासात गेट सुरू. एसी मोटर घेणाऱ्याने हा शब्द पाठ करून ठेवावा.

पावसाळ्याची खरी परीक्षा पाण्यापेक्षा जमिनीने घेतली. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं सगळं वरखाली करते. रुळाखाली वेल्डिंगवाल्याने सळया घालून काँक्रीटचा पट्टा टाकायला लावला तेव्हा तो मला फाजील खर्च वाटत होता. शेजारच्या गल्लीत नुसत्या फरशीवर रूळ टाकलेलं एक गेट आहे. गणपतीपर्यंत त्याचा रूळ एका टोकाला उचलला गेला आणि मोटरच्या दातांनी रॅक खरवडून काढला. दातचक्र आणि रॅक यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट हवी. गेटचं वजन मोटरच्या चक्रावर आलं की मोटर गेलीच म्हणून समजा.

मोटरचा चौथराही उंच घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं, गाड्या बुडाल्या. तसल्या पुरापुढे चौथरा काय करणार, पण रस्त्यावर साचणाऱ्या नेहमीच्या पाण्याला सहा इंच पुरतात. माझा तेवढाच आहे, आणि डबा आतून कोरडा राहिला. आत सापडली ती पाल. केबलच्या पाइपातून येऊन सर्किट बोर्डवर ऊब घेत होती. पाइपाचं तोंड सिलिकॉनने बुजवलं. मुंग्यांनाही तोच उपाय.

रिमोट घेताना ‘रोलिंग कोड’ आहे का, हे विचारा आणि डब्यावर लिहिलेलं बघा. स्वस्त रिमोटचा कोड कायम एकच असतो. बारा छोट्या बटणांच्या जुन्या पद्धतीत एकूण शक्यता ४,०९६. २०१५ मध्ये सॅमी कामकर या अमेरिकन संशोधकाने एका खेळण्यात फेरफार करून अशी दारं दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली होती. रोलिंग कोडमध्ये दर वेळी नवा कोड जातो. त्यालाही फसवता येतं हे त्याच माणसाने त्याच वर्षी दाखवलं, पण ते बरंच खटपटीचं काम आहे. मोबाइलवरून गेट उघडणारा वायफायचा तुकडा मी घेतला नाही. ऑफिसात बसून घरचं गेट उघडण्याची गरज मला अजून पडलेली नाही.

विजेचं बिल म्हणाल तर गंमत आहे. ३५० वॅटची मोटर गेट उघडायला वीसेक सेकंद चालते. रोज दहा वेळा चालली तरी महिन्याला अर्धा-पाऊण युनिट. तिचा बोर्ड आणि फोटोसेल दिवसरात्र पाच वॅट घेत बसतात, ते साडेतीन युनिटांच्या वर जातात. काम करणाऱ्यापेक्षा बसून खाणाऱ्याचा खर्च जास्त!

बाबांना रिमोट दोन दिवसांत जमला. मॅन्युअल रिलीज मात्र घरातल्या प्रत्येकाकडून करून घेतलं : चावी फिरवायची, दांडा ओढायचा, गेट हातानं सरकवायचं. चावी छोट्या गेटच्या आत खिळ्याला लटकते. ज्यांच्याकडे छोटं गेट नाही आणि चावी घरात असते, त्यांचं लाइट आणि इन्व्हर्टर दोन्ही गेल्यावर काय होतं हे विचारून पाहा. शेजारची मुलं गेटला लटकून झोका घेतात, ती सवय मोडायला फोटोसेल उपयोगी नाही. तो फक्त किरणाच्या रेषेत आलेलं ओळखतो, गेटवर चढलेलं नाही. त्यासाठी बोर्डवरचा जोराचा नॉब जेवढा कमी ठेवता येईल तेवढा ठेवला आहे, हाताने अडवलं की गेट थांबतं. गेट हलकं चालतं म्हणूनच हे जमलं. जड गेटवाले तो नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवतात.

फ्लॅट स्कीममध्ये, दिवसभर येजा असलेल्या गेटला ही घरगुती मोटर लावू नका, सतत चालवायला ती बनलेलीच नसते. भाड्याच्या घरातही नको. आणि पोर्चकडून रस्त्याकडे उतार असेल तर सरकत्या गेटला अडचण नाही, पण सरकण्याच्या दिशेलाच उतार असेल तर आधी रूळ सपाट करून घ्या.

वार्षिक करारासाठी कंपनीचे फोन येतात. चार हजार मागतात, त्यात कपॅसिटर धरलेला नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. महिन्यातून एकदा रूळ झाडते, फोटोसेलच्या काचा पुसते, आणि रॅकला ग्रीस लावत नाही, कारण उन्हाळ्यातली धूळ त्याला चिकटून बसते.