नाणी-तिकिटांचा लिलाव घरबसल्या: ईबे, व्हॉट्सअॅप ग्रुप की लिलावगृह?

जुनी नाणी, टपाल तिकिटे, फर्स्ट डे कव्हर, (तिकीट निघाले त्याच दिवशीचा शिक्का असलेले पाकीट), काडेपेटीची लेबले हा माल घरातल्या एका टेबलावर मावतो आणि पाकिटात घालून पाठवता येतो. तो लिलावाने विकायचा तर महाराष्ट्रातल्या माणसापुढे आज तीन वाटा आहेत: ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावरून परदेशात, व्हॉट्सअॅप-फेसबुकच्या ग्रुपांवर देशातल्या देशात, किंवा माल लिलावगृहाकडे सोपवून त्यांच्या कॅटलॉगमधून. ईबेची भारतातली वाट बंद झाली आहे. २००४ मध्ये ईबेने बाझी डॉट कॉम विकत घेऊन इथे पाय रोवले होते, पण १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे डॉट इन बंद झाले. आता भारतातला विक्रेता तिथे बसतो तो फक्त परदेशी गिऱ्हाइकासाठी.

लिलाव कुठलाही असो, त्याला एकाच वस्तूवर एकाच वेळी दोन जाणकार लागतात. एकच आला तर तो सुरुवातीच्या बोलीला माल घेऊन जातो, मग वस्तू कितीही दुर्मीळ असो. वाट निवडताना पहिला प्रश्न म्हणून हाच विचारावा: या मालाचे दोन जाणकार कुठे बसले आहेत? आणि ज्या मालाचा भाव सगळ्यांनाच ठाऊक आहे, तो लिलावात टाकूच नये. साठ-सत्तरच्या दशकातली साधी फर्स्ट डे कव्हर किंवा चलनात भरपूर फिरलेली निकेलची नाणी ठरल्या किमतीलाच विकावीत.

पण या प्रश्नाच्याही आधी कायद्याची रेघ बघावी लागते. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि त्यात नाण्यांचा उल्लेख स्पष्ट आहे. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. देशातसुद्धा पुरावस्तू विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. त्यामुळे शिवराई (शिवकाळापासूनचे तांब्याचे नाणे), होन (सोन्याचे नाणे), पेशवेकालीन रुपये, कंपनी सरकारचे पैसे, व्हिक्टोरियाचे नाणे यांतले काहीही ईबेवर चढवू नका. परदेशातले विक्रेते तेच नाणे तिथे विकताना दिसतात आणि नवा माणूस त्यावरून समजूत करून घेतो. त्यांचा माल आधीपासून देशाबाहेर आहे, तुमचा नाही.

ही रेघ दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. पाचव्या जॉर्जचा चांदीचा रुपया १९२२ नंतर चलनासाठी पडलाच नाही, म्हणजे तो सगळाच रेघेपलीकडे गेला. त्याच्या आण्या-पैशांचे मात्र १९३६ पर्यंतचे एकेक वर्ष बघून दोन ढीग करावे लागतात. सहाव्या जॉर्जचा माल अजून अलीकडे आहे.

ईबे

तिकिटे, पाकिटे, लेबले, चित्रपटांची जुनी लॉबी कार्डे (चित्रपटगृहात लावायची छोटी जाहिरात-चित्रे) यांसाठी ईबे उत्तम, कारण भारतीय विषयांचे संग्राहक इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियात विखुरलेले आहेत आणि ते एकत्र येतात ती ही जागा. नाण्यांसाठी मात्र आम्ही सुचवणार नाही. विमा नसलेल्या साध्या पाकिटातून नाणी-नोटा पाठवायला आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांत मनाई आहे, आणि विम्याचा खर्च मध्यम किमतीच्या नाण्याला झेपत नाही.

लिलाव १, ३, ५, ७ किंवा १० दिवसांचा ठेवता येतो. ७ दिवस निवडा, म्हणजे एक शनिवार-रविवार नक्की मिळतो. बोली आपोआप चढते: गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम गुपचूप भरून ठेवतो आणि यंत्रणा दुसऱ्याच्या वर एकच पायरी चढवते. पहिल्याने ६० डॉलर भरले, दुसऱ्याने ४१, तर वस्तू ४२ डॉलरला जाते, ६० ला नाही. भाव ठरतो तो दुसऱ्या माणसावर. घड्याळाचा काटा ठरल्या वेळी थांबतो, शेवटच्या दहा सेकंदांत बोली आली म्हणून मुदत वाढत नाही. त्यामुळे संपण्याची वेळ नीट निवडा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. आपल्या सोयीने संध्याकाळी लिलाव सुरू केला तर तो तिकडे भल्या सकाळी संपतो, तेव्हा बोली लावणारे निम्मे लोक कामाच्या वाटेवर असतात.

आता पैशांचे बघू. शुल्क मालाच्या प्रकाराप्रमाणे बदलते आणि ते टपालखर्चासकट एकूण रकमेवर कापले जाते. नवा विक्रेता इथेच फसतो. समजा बोली ४० डॉलरवर संपली आणि टपालाचे १२ डॉलर तुम्ही वेगळे घेतले. सगळे शुल्क मिळून १५ टक्के आणि वर ४० सेंट धरले, तर ५२ मधून ८.२० गेले. पैसे पेओनियर या परदेशी पैसे पोचवणाऱ्या सेवेमार्फत रुपयांत येताना २ टक्के गेले असे धरा. प्रत्यक्ष टपालाचे १२ वजा करा. हातात सुमारे ३१ डॉलर उरतात, त्यातून अजून खरेदी आणि पॅकिंग जायचे आहे. म्हणून सुरुवातीची बोली ठेवताना खरेदी, पॅकिंग आणि कापले जाणारे शुल्क यांची बेरीज भरून निघेल इतकी ठेवावी. ९९ सेंटपासून सुरू करून गर्दी जमवायची युक्ती फक्त अशा वस्तूला चालते जिला दहा-पंधरा जण ‘वॉच’ करून, म्हणजे आपल्या यादीत टाकून नजर ठेवून, बसले आहेत. इतर मालाला ती लावली की पाकीट टपालखर्चापेक्षाही स्वस्तात जाते.

कागदपत्रांत आयात-निर्यात संकेतांक लागतो. तो ऑनलाइन ५०० रुपयांत मिळतो, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती पुन्हा पक्की केली नाही तर निष्क्रिय होतो. परदेशी विक्री जीएसटीच्या दृष्टीने आंतरराज्य विक्रीत मोडते, त्यामुळे उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी टळत नाही. हमीपत्र भरून ठेवले की कर न भरता माल पाठवता येतो. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रांतून निर्यातीचे टपाल बिल ऑनलाइन भरता येते. २ किलोपर्यंतच्या पाकिटासाठी त्यांची मागोवा मिळणारी सेवा आहे, पण ती सगळ्या देशांना जात नाही, तेव्हा वस्तू चढवण्याआधीच देशांची यादी बघून घ्या.

अमेरिकेचा हिशेब वेगळा मांडा. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला तिथे मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे. शुल्क कोण भरणार हे वर्णनात लिहिलेले नसेल तर गिऱ्हाईक पार्सल नाकारतो, मग मालही गेला आणि टपालही गेले. पहिले काही महिने युरोप आणि ऑस्ट्रेलियावर भर द्यावा, असे आमचे मत.

नव्या विक्रेत्याला महिन्याला मोजक्याच वस्तू टाकू देतात. ही मर्यादा तक्रारी न येता विक्री झाली की वाढते. म्हणून पहिल्या वस्तू सर्वात महागड्या नकोत. सरळ, वर्णनाला सोप्या, टपालाला हलक्या असाव्यात. जिंकलेल्याने चार दिवसांत पैसे भरले नाहीत तर व्यवहार रद्द करून दुसऱ्या बोलीवाल्याला विचारता येते. आणि माल वर्णनाप्रमाणे नाही अशी तक्रार आली तर यंत्रणा बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचे ऐकते. त्यावर उपाय वर्णनातच करावा लागतो: तिकिटाच्या मागचा डिंक, हिंजची (तिकीट अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण, मुडपलेला कोपरा, सगळे आधीच लिहा आणि मागच्या बाजूचा फोटोही द्या.

व्हॉट्सअॅप आणि फेसबुक ग्रुप

शंभर वर्षांच्या आतली मध्यम किमतीची नाणी इथे चांगली जातात. जाणकार देशातलेच, भाषा आपली, पैसे यूपीआयने लगेच. काही ग्रुपांवर अॅडमिन थोडे कमिशन घेतो, काहींवर तेही नाही. लिलाव बहुधा रात्री ९ ते १० च्या सुमारास चालतो आणि शेवटची बोली आल्यावर काही मिनिटे वाट बघतात, त्यामुळे शेवटच्या क्षणी झडप घालणाऱ्याला फायदा मिळत नाही. विक्रेत्याला हे ईबेपेक्षा बरे.

धोके मात्र इथे माणसांचे आहेत. विक्रेत्याचाच मित्र खोटी बोली लावून भाव फुगवतो. असे एकदा उघड झाले की ग्रुपातले नाव कायमचे जाते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट खोटा असू शकतो, म्हणून बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय पाकीट बाहेर काढायचे नाही. अनोळखी तिसऱ्याच खात्यातून पैसे आले तर परत पाठवून जिंकलेल्याच्या स्वतःच्या खात्यातून मागवा, कारण फसवणुकीचा पैसा फिरत आला असेल तर पोलिसांच्या तक्रारीवरून तुमचे खाते गोठते. आणि बेळगाव किंवा इंदूरच्या माणसाला विकणे हीसुद्धा आंतरराज्य विक्री आहे. ४० लाखांच्या मर्यादेचा आधार तिला मिळत नाही. सुरुवातीला सीएशी अर्धा तास बोला.

या ग्रुपांवर बनावट माल फार फिरतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया प्रसिद्ध आणि दुर्मीळ, म्हणूनच १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा ८ कोरून ९ केलेला माल दिसतो. दहापट भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचा सपाट भाग बघा: खरवडलेला असेल तर तिथला पोत बाकीच्या पृष्ठभागाशी जुळत नाही. वजनकाटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, १९३९ पर्यंत ९१.७ टक्के चांदीचा, १९४० पासून ५० टक्के. १९४७ चा रुपया निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतो. चांदीचा म्हणून दिलेला रुपया चिकटला तर तो चांदीचा नाही. तिकिटांत १५ ऑगस्ट १९४८ च्या गांधी संचातले १० रुपयांचे तिकीट असेच नकलांचे लक्ष्य आहे. ते स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापले होते आणि त्याच्या दात्यांचे माप (कडेला दर २ सेंटिमीटरला किती दाती) ११½ आहे. मापकपट्टीवर दाती बसली नाहीत तर ते तिकीट विकायला काढू नका.

एक इशारा. जुन्या नोटेला लाखो रुपये देतो म्हणून आधी ‘नोंदणी फी’ मागणारे ठग रिझर्व्ह बँकेचे नाव वापरतात. आपण असा कुठलाही व्यवहार करत नाही आणि त्यासाठी फी घेत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

लिलावगृह

रेघेपलीकडचा माल असेल तर दुसरी वाट शोधत बसू नका. मुंबई, अहमदाबाद, बंगळूरू इथे नाण्यांची लिलावगृहे आहेत, त्यांचे लिलाव ऑनलाइनही चालतात. तपासणी, वर्णन, फोटो आणि कॅटलॉग सगळे ते करतात. घरच्या पेटीत निघालेला शिवकालीन होन कुणी नुसता फोटो बघून ‘खरा’ म्हणाले तर विश्वास ठेवू नका, होनाच्या आणि शिवराईच्या नकला भरपूर आहेत. माल देताना लेखी करार घ्या आणि त्यात चार गोष्टी पाहा: विक्रेत्याकडून किती कमिशन, राखीव किंमत (जिच्याखाली माल विकायचा नाही ती) किती, न विकल्यास काही शुल्क आहे का, पैसे किती दिवसांत. त्यांचा परवानाही मागून बघा. पैसे हातात यायला दोन-चार महिने लागतात, म्हणून रोजच्या धंद्याचे भांडवल या वाटेत अडकवू नये.

फोटो आणि पाकीट

नाणे घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांनी तांबे लखलखते आणि किंमत उतरते. संग्राहकाला वर्षानुवर्षे चढलेला तो तपकिरी थरच हवा असतो. फोटोसाठी फ्लॅश बंद, एका बाजूने दिवा, त्यापुढे पातळ पांढरा कागद, आणि मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा. तिकिटांना कॅमेऱ्यापेक्षा स्कॅनर चांगला: ६०० डीपीआय आणि मागे काळा कागद, म्हणजे प्रत्येक दात दिसतो.

नाणे मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवले की काही काळाने त्यावर हिरवट चिकट थर येतो. पॉलिएस्टरचे पाकीट वापरा. ते दोन जाड पुठ्ठ्यांत ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि कानाजवळ हलवून बघा. आवाज आला तर उघडून पुन्हा बांधा, कारण टपालाच्या यंत्रात हलणारे नाणे पाकीट फाडून बाहेर येते. तिकिटांसाठी दोन नालीदार पुठ्ठे घ्या, एकाच्या नाळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट वाकत नाही. देशात नाणे विमा उतरवून स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले आहे. वरून ‘नाणी’ असे लिहू नका.

कोणी काय निवडावे

दहा-वीस हजारांचे भांडवल आणि देशातली नाणी असतील तर ग्रुपवर सुरुवात करा, पहिला महिना फक्त बघा आणि कुठली वस्तू कितीला गेली ते वहीत लिहा. इंग्रजीत नेमके वर्णन लिहिता येत असेल, तिकिटे-लेबलांचा साठा असेल आणि कागदपत्रांचा कंटाळा नसेल तर ईबे. वारशाने आलेला जुना, मोजका, किमती माल असेल तर लिलावगृह. दोन वाटा एकत्र चालवता येतात, पण एकच वस्तू एकाच वेळी दोन्हीकडे टाकू नका. दोन्हीकडे बोली आली की एका गिऱ्हाइकाला नाही म्हणावे लागते आणि ते तो सगळ्यांना सांगतो.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर डिंक असलेली तिकिटे खरेदीच करू नका. साठा आहे तो ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागदात, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून उभा ठेवा. एकमेकांवर आडवा रचला तर दमट हवेने शीटच्या शीट चिकटतात, आणि पाण्यात सोडवले की डिंक जातो.