लोकलचा मग, पिशव्या आणि वही : गणपतीपासून वापरतेय, काय टिकलं ते सांगते

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गणपतीत मंडपाशेजारी दरवर्षी दोन-तीन टेबलं लागतात. उकडीचे मोदक, कोकमाचं आगळ, कुणाच्या तरी वहिनींच्या खणाच्या पर्स. गेल्या वर्षी त्यात एक टेबल वाढलं : स्वमग्न, डाउन सिंड्रोम किंवा एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जातं ती अवस्था) असलेल्या तरुण कलाकारांची चित्रं छापलेल्या वस्तूंचं. विकायला बसलेल्या सगळ्या आसपासच्याच बायका, काही कलाकारांच्या आया, काही नुसत्याच शेजारणी. दुकान नाही. ऑर्डर व्हॉट्सॲपवर द्यायची, पैसे क्यूआर कोडवर, माल क्लब हाउसमधून घेऊन जायचा. गटाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माणसं रोज जिन्यात भेटणारी आहेत.

मी चहाचा मग, दोन कापडी पिशव्या, वही, टेबल कॅलेंडर आणि कुशन कव्हरची जोडी घेतली. दया म्हणून एकदा घेतो तसं घेतलं असतं तर हा मजकूर लिहिण्याची गरजच नव्हती. वस्तू वापरायच्या म्हणून घेतल्या, त्यामुळे वस्तूंबद्दलच आधी बोलते.

मग सर्वांत उजवा. त्यावरचं चित्र तिशीच्या आसपासच्या एका स्वमग्न तरुणाचं आहे. तो फक्त रेल्वे काढतो, आणि माझ्या मगावर पावसातली लोकल आहे. दारांना लटकलेली माणसं नुसत्या रंगीत रेघा आहेत, पण छत्र्या एकूण एक वेगळ्या. रोज दोन वेळचा चहा, मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं, घासणी, सगळं सोसून रंग तसाच आहे. कारण साधं आहे : अशा मगांवर आधीच एक थर असतो आणि उष्णतेने शाई त्या थरात शिरते, वर चिकटून बसत नाही. खोट एवढीच की छपाईचा पट्टा मगाच्या कानापर्यंत पोचत नाही, त्यामुळे शेवटचा डबा अर्धा कापलाय. रेल्वेच्या चित्राला हे चालत नाही हो. गाडी पूर्ण हवी. चित्र थोडं लहान करून बसवलं असतं तर भागलं असतं, आणि छापायला देणाऱ्याने ते कलाकाराला दाखवून घ्यायला हवं होतं. त्याने पहिल्या नजरेत पकडलं असतं.

त्याच्या चित्रांसमोर उभं राहिलं की कुणीतरी लंडनच्या स्टीफन विल्टशायरचं नाव काढतंच, एकदा बघून अख्खं शहर आठवणीने काढणाऱ्याचं. मला ती तुलना आवडत नाही. प्रत्येक स्वमग्न माणसाकडे तसली स्मरणशक्ती नसते, आणि आमच्या या चित्रकाराला अचूकपणाचं काही पडलेलंही नाही. त्याच्या डब्यांना हव्या तितक्या खिडक्या असतात.

पिशव्यांची गोष्ट उलटसुलट आहे. एकीवर रंगीबेरंगी कोंबड्या आहेत, दुसरीवर एकाच निळ्या रंगात कुंभार्लीच्या बाजूचे डोंगर. कोंबड्यांची छपाई आधी फिल्मवर करून मग कापडावर दाबलेली, हाताला रबरासारखी लागते. पर्समध्ये घडी करून ठेवायची सवय असल्यामुळे घडीवर चिरा पडल्या आणि दिवाळीपर्यंत एका कोंबडीची मान तुटली. निळी पिशवी स्क्रीन प्रिंटची आहे. बाजारातून कांदे, नारळ, कधी दोन किलो तांदूळ वाहून आणि कित्येकदा मशीनमध्ये धुऊन ती फक्त थोडी फिकी झाली, आणि तशी जास्त चांगली दिसते. रंग कमी असलेलं चित्र घ्या, उलटी करून धुवा, इस्त्री चित्रावरून फिरवू नका.

कुशन कव्हरवर चित्र सुंदर आणि कापड पॉलिस्टर. ही तडजोड मला आता कळते : मगावर चालते त्या पद्धतीची शाई सुती कापड धरतच नाही, पॉलिस्टर धरतं. एक-दोन नग छापायचे तर ती पद्धत परवडते. पण मे महिन्यात डोंबिवलीत पॉलिस्टरला पाठ टेकून बघा. ती दोन्ही कव्हरं सध्या पाहुण्यांच्या खोलीत आहेत.

वही शिवलेली आहे, चिकटवलेली नाही, त्यामुळे सपाट उघडते आणि पानं गळली नाहीत. कागद मात्र पातळ. शाईपेनने लिहिलं की मागच्या पानावर उमटतं. बॉलपेनवाल्यांनी बिनधास्त घ्यावी.

कॅलेंडरबद्दल एकच वाक्य पुरे होतं, पण टेबलावरच्या ताईंशी यावर माझी खूप चर्चा झाली म्हणून लिहिते. त्यात नुसत्या इंग्रजी तारखा आहेत. मराठी घरात संकष्टी, एकादशी आणि अमावास्या नसलेलं कॅलेंडर शोभेला उरतं, दुधाचा हिशेब शेवटी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनातच लिहिला जातो. "पुढच्या वेळी तिथ्या टाकू," म्हणाल्या. टाकल्या तर दहा घेईन असं मीही सांगून ठेवलंय.

आता किंमत. मग साडेतीनशेला होता. बाजारात छापील मग याहून स्वस्त मिळतो, हे आमच्या मजल्यावरच्या काकांनी मला आवर्जून ऐकवलं. बरोबर आहे त्यांचं. पण हजारांनी छापणाऱ्याचा भाव वीस-पंचवीस नग छापणाऱ्याला मिळत नाही, आणि बाजारातल्या मगावरचं चित्र कुणाचं, त्याला काय मिळालं, हे विचारायची सोयही नसते. इथे विचारता येतं. मी विचारलं.

उत्तर असं मिळालं की मूळ चित्र कलाकाराचंच राहतं. गट फक्त ते छापण्याची परवानगी घेतो आणि विकलेल्या प्रत्येक वस्तूमागे ठरलेला वाटा कलाकाराच्या खात्यात जमा करतो. मला ही रीत पटली ती दयेपेक्षा वेगळ्या कारणाने. दिवाळीच्या पणत्या रंगवून घेणाऱ्या कार्यशाळा मी पाहिल्यात. ते कामही प्रामाणिक आहे, पण त्यात पाचशे पणत्या म्हणजे पाचशे वेळा बसणं, तेही धनत्रयोदशीच्या आत. ज्याला ठरलेल्या वेळेचा ताण सोसत नाही, आवाजाने डोकं भणभणतं, एखादा आठवडा हातच चालत नाही, त्याच्यावर हा हिशेब उलटतो. चित्राचं तसं नाही. रेल्वेवाल्याने ते केव्हातरी, त्याला वाटलं तेव्हा काढलं. त्याच्या सवडीचा आणि माझ्या सणाचा संबंध तुटला, आणि एकच चित्र मगावर, पिशवीवर, वहीवर पुन्हापुन्हा कमावतं.

जपानमध्ये हेराल्बोनी नावाची कंपनी याच रीतीवर उभी आहे. स्वमग्न मोठा भाऊ असलेल्या जुळ्या भावांनी ती २०१८ मध्ये काढली, आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलाकारांच्या चित्रांचे वापरहक्क ती मोठ्या कंपन्यांना देते. आमच्या क्लब हाउसची तिच्याशी बरोबरी होणार नाही. पण हिशेबाची मांडणी तीच आहे, आणि ती कागदावर असायला हवी.

इथे माझी मोठी तक्रार. सुरुवातीला सगळं तोंडी होतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क देण्याचा करार लेखी लागतो आणि त्यात मोबदला लिहावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. परवानगीच्या करारालाही बव्हंशी हेच लागू होतं. म्हणजे चांगल्या मनाच्या शेजारणींनी आज तोंडी ठरवलेलं उद्या गट फुटला तर कुणाच्या कामाचं नाही. हे मी बोलले तेव्हा एक आई म्हणाल्या, "अहो, आम्ही काय कोर्टात जाणार आहोत का?" नाही जाणार. पण तुमच्यानंतर हिशेब कोण मागणार, हा प्रश्न याच आयांना रात्री जागवतो. संक्रांतीच्या सुमारास दीड पानांचा मराठी करार तयार झाला, सोप्या वाक्यांत, म्हणजे ज्याची सही आहे त्यालाही वाचता येईल असा. स्वतःचे पैसे स्वतः सांभाळण्याचा हक्क अपंग व्यक्तींना २०१६ च्या कायद्याने इतरांइतकाच दिलाय. त्यामुळे कुणाचे पैसे आईच्या खात्यात जात असतील तर का, असं आता टेबलावर उघड विचारलं जातं.

त्याच कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. स्वमग्नता त्यात आली, ठरावीक अध्ययन अक्षमता आली. एडीएचडी त्या यादीत नाही. कोंबड्यांच्या चित्रकर्तीला नेमकं एडीएचडी आहे. तिला त्यावर दाखला नाही, म्हणून योजना नाही, आणि ऑफिसात टिकणं जमलेलं नाही. तिच्यासाठी हे टेबल जोडधंदा नाही.

विक्रीच्या पद्धतीबद्दल थोडं. शेजारणींनी विकण्याचा फायदा म्हणजे वस्तू खराब निघाली तर दार वाजवता येतं. तुटक्या मानेच्या कोंबडीची पिशवी मला बदलून मिळाली, कुरकुर न करता. तोटा म्हणजे दिवाळीच्या ऑर्डरींचा गोंधळ. व्हॉट्सॲपवर दोनशे निरोपांच्या ढिगात माझी भेटकार्डं हरवली आणि भाऊबीज उलटल्यावर आली. शिवाय पहिल्या खेपेला वस्तूंच्या चिठ्ठीवर आधी कलाकाराचं वैद्यकीय निदान छापलं होतं, चित्रकाराचं नाव खाली बारीक अक्षरात. आता नाव वर आहे आणि निदान ज्याला सांगायचंय त्याचंच आहे. हा बदल रेल्वेवाल्याच्या बहिणीने भांडून करून घेतला.

तो स्वतः टेबलावर येतो, पण सकाळी, ढोल यायच्या आधी, कानांवर हेडफोन लावून. लोक त्याच्यासमोर त्याच्या आईला विचारतात, "कळतं का त्याला, आपलं चित्र विकलं जातंय ते?" तो विकले गेलेले मग वहीत गाडीच्या क्रमांकांसारखे नोंदवून ठेवतो. त्याची बेरीज गटाच्या बेरजेशी जुळली नाही तेव्हा चूक गटाची निघाली.

या गणपतीला मी सहा मग, चार स्क्रीन प्रिंटच्या पिशव्या आणि जाड कागदाची वही निघाली तर ती सांगून ठेवली आहे. कुशन कव्हर सुती होईपर्यंत नको. आणि मगावर शेवटचा डबा पूर्ण दिसला पाहिजे, हे ऑर्डरच्या निरोपात लिहिलंय.